जांभळ्याचं पिवळं

"नळीत हां!" असं घाडी सर म्हणायचे. कुणी त्यांच्या कामाचं कौतुक केलं, कुणी विचारलं की काय सर, तुळशीच्या तेलाने म्हणे म्हातारपण लांबतं, तर सर चष्म्यावरून त्याच्याकडे बघत आणि एवढंच म्हणत. नळीत म्हणजे परीक्षानळीत, माणसात नव्हे. या बोटभर काचेत काय घडतं ते मी सांगतो, माणसाच्या पोटात गेल्यावर काय घडेल ते मला ठाऊक नाही, असा त्याचा पूर्ण अर्थ. पण पूर्ण अर्थ सांगत बसायचा त्यांना कंटाळा होता. सर जाऊन आता वर्ष होत आलं, आणि हल्ली टीव्हीवर कुठल्या तेलाची जाहिरात लागली की माझ्याच तोंडून ते दोन शब्द निघतात. घरातले माझ्याकडे बघतात. मी काही खुलासा करत नाही. मलाही आता खुलाशांचा कंटाळा येतो.

दादरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र विभागात माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून होतं. मी गिरगावातली. आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या कारकुनी, त्यामुळे कागद नीट लावणं आणि तोंड बंद ठेवणं ही दोन कामं मला उपजत येतात. सर काळाचौकीच्या चाळीतले. वडील गिरणीत होते, मूळ गाव मालवणकडे. घाडी म्हणजे गावात देवाला गाऱ्हाणं घालणारा, लोकांना अंगारा आणि पाला देणारा. "आमच्या आज्याकडे लोक पाला मागायला यायचे," सर सांगत, "त्याने पाला दिला की लोक बरे व्हायचे. मी त्याच पाल्यातलं तेल काढतो, मोजतो, आणि मला काही सांगता येत नाही. शिक्षण म्हणतात ते हेच."

ते काम तसं दमवणारंच होतं. पोत्यातून आणलेली तुळस, कधी मरवा, कधी गवती चहा, पाण्यात घालून काचेच्या गोल चंबूत उकळत ठेवायची. वाफेबरोबर तेल वर जातं, थंड होऊन एका अरुंद नळीत पाण्यावर तरंगतं. सकाळी लावलं तर दुपार उलटेपर्यंत ते चालायचं आणि एवढ्या ढिगातून हाती लागायचं ते चमचाभरसुद्धा नाही. सर स्टुलावर बसून त्या नळीकडे बघत राहायचे. बाकीचे आम्ही समित्यांचे अहवाल लिहायचो, पेपर तपासायचो, एकमेकांवर वैतागायचो. सर फक्त थकायचे. संध्याकाळी त्यांचे खांदे खाली आलेले असत आणि अंगाला असा वास येई की बसमध्ये शेजारचा माणूस हात जोडायचा बाकी राही.

तुळस मात्र ते दुसऱ्या कुणाला आणू देत नसत. पहाटे दादरच्या फूलबाजारात स्वतः जात. मी एकदोनदा सोबत गेले आहे. पूल ओलांडून खाली आलं की जुड्यांचे ढीग, पाणी मारून मारून ओले केलेले, आणि सर प्रत्येक मावशीला विचारणार, "ही वसईची का पालघरची? केव्हा खुडली?" मावश्या त्यांना वासवाले काका म्हणत. एक पान घेऊन बोटांत चुरडायचं, मनगटावर चोळायचं, वास घ्यायचा आणि नाक मुरडून पुढे जायचं. एक मावशी एकदा वैतागून म्हणाली, "ओ काका, देवाला वाहायची ना? देव नाय एवढा वास घेत!" सर हसले नाहीत. त्यांनी तिच्याकडूनच दोन जुड्या घेतल्या.

वास घ्यायच्या दिवशी प्रयोगशाळेत त्यांचं राज्य असे. कुणी कांदा खाऊन आत यायचं नाही, कुणी पावडर लावायची नाही. सर स्वतः तर बिनवासाच्या साबणाने आंघोळ करत आणि डोक्याला तेल लावत नसत. मी नवीन होते तेव्हा एकदा मोगऱ्याचा गजरा घालून गेले. सरांनी दारातच अडवलं. "मॅडम, हा कुणाला तरी बाहेर सांभाळायला द्या." मी म्हटलं, कुणाला देऊ? त्यांनी भिंतीवरच्या आग विझवायच्या लाल नळकांड्याकडे बोट दाखवलं. माझा गजरा दिवसभर त्यावर लटकला होता आणि प्राचार्य दोनदा तिथे थांबून विचारात पडले होते. मला राग आला होता, खरंच. पण संध्याकाळी सरांनी कागदाच्या दोन पट्ट्या माझ्या नाकाखाली धरल्या. दोन्ही तुळशीच, एक काळी, एक हिरवी. तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं मी तुळशीला नुसतीच प्रदक्षिणा घातली होती.

तेलात काय काय आहे हे शोधायला नमुना बाहेर पाठवावा लागे. आमच्या विभागातलं यंत्र बंद पडलेलं, ते दुरुस्त करा म्हणून अर्ज करण्यातच सरांचे केस पांढरे झाले. बाहेरून कागद यायचा, त्यावर उंच-सखल रेघा. सर तो कागद चाळीसारखा वाचून दाखवायचे. "हा उंच दिसतोय तो युजेनॉल. लवंगेत असतो तोच. चाळीतला दादा आहे, आवाज त्याचाच ऐकू येतो. पण हे खाली बारीक बारीक दिसतात ना, हे भाडेकरू. आपल्याला वाटतं त्यांचा काय उपयोग. दादाला एकट्याला बाहेर काढून तपासा, तेवढा चालत नाही. शेजारी लागतात त्याला." वर्गातही ते हेच सांगत आणि मुलं हसत. हसून झालं की ती मुलं ते विसरत नसत.

आणि मग तो जांभळा रंग. तेलात गंज रोखायची ताकद किती, हे बघायची ती चाचणी. आपल्या शरीरातही लोखंडासारखं काहीतरी गंजत असतं, निदान सर मुलांना तसं समजावत. एक गर्द जांभळं द्रावण असतं. त्यात गंज रोखणारा पदार्थ टाकला की जांभळा रंग उतरत जातो आणि शेवटी फिक्कट पिवळं पाणी राहतं. जितकं लवकर पिवळं, तितका पदार्थ जोरदार. दिसायला जादूच. एकदा एक तेल विकणारे गृहस्थ आले होते, त्यांना बाटलीवर छापायला सरांच्या सहीचं वाक्य हवं होतं. सरांनी लगेच लिहून दिलं: 'हे तेल परीक्षानळीत गुणकारी आहे.' गृहस्थांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि चहा अर्धा टाकून गेले.

अशा माणसाने चाळीच्या गणपतीत खेळ करायचं कबूल केलं, याचं मला आजही नवल वाटतं. कारण एकच, दत्तू.

दत्ताराम परब हा सरांचा शेजारी आणि लहानपणचा दोस्त. शिवडीला गोदामात कामाला होता, पण त्याची खरी नोकरी म्हणजे मंडळाचा माईक. गणपतीचे सगळे दिवस तो माईक दुसऱ्याच्या हातात गेलेला कुणी पाहिला नव्हता. हरवलेली मुलं, सापडलेल्या चपला, आरतीची वेळ, देणगीदारांची नावं, सगळं दत्तूच्या आवाजात. सुरेल नव्हता, पण भरदार होता आणि पार नाक्यापर्यंत ऐकू यायचा. सर लग्नाच्या भानगडीत पडले नव्हते. एवढ्या वासात कोण राहील, म्हणायचे. त्यामुळे दत्तूचं घर तेच त्यांचं घर. दत्तूच्या बायकोच्या, सुमनवहिनींच्या, हातचं जेवण आणि दत्तूची टकळी, यावर त्यांचं चाललं होतं.

त्या वर्षी मंडळाला विज्ञानाचा देखावा करायचा होता. दत्तू सरांना म्हणाला, "मोहन्या, तुझो शो ठेवया." सर नाही नाही म्हणत तयार झाले आणि मला मदतीला नेलं. गर्दी होती. समोर मांडी घालून बसलेल्या बायका, मागे गॅलऱ्यांतून लोंबणारी पोरं. सरांनी मोठ्या काचेच्या भांड्यात जांभळं द्रावण धरलं, दिव्यासमोर केलं आणि वरून तुळशीचं तेल सोडलं. रंग उतरायला लागला. इतका वेळ कलकलणारी माणसं माना उंचावून बघायला लागली. पिवळं झालं तेव्हा वरच्या मजल्यावरून शिट्टी आली आणि टाळ्यांचा कडकडाट. मी सरांचा चेहरा असा कधीच पाहिला नव्हता. एवढी वर्षं हा माणूस काय करतो ते चाळीला कळत नव्हतं आणि आज कळलं होतं.

सर म्हणाले, "पण हे नळीत हां." मी शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं. माईक तोवर दत्तूने काढून घेतला होता. "बघा, बघा मंडळी, आपल्या चाळीच्या सुपुत्रान काय करून दाखवल्यान! गणपतीबाप्पा..." आणि मोरयात बाकीचं बुडून गेलं.

दुसऱ्या दिवशी मंडपाबाहेर फलक लागला: 'घाडी सरांचं तेल, सगळे रोग फेल!' यमक दत्तूचं. सर म्हणाले, काढा रे तो. दत्तू म्हणाला, "विसर्जनापर्यंत रव्हांदे मरे." राहिला. सरांनी फारसा जोर केला नाही. कौतुकाची चव त्यांनाही लागली होती आणि त्यात काही पाप नव्हतं. लोक खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या घेऊन दारात येऊ लागले, त्यांना सर परत पाठवत. दत्तूला मात्र एक कुपी दिली. सर्दीला वास घे, म्हणाले.

शिमग्याच्या सुमारास एका दिवशी सर कॉलेजात आले ते कुणाशी बोलेनात. दुपारी कागद बाजूला सारून म्हणाले, "मॅडम, रविवारसाठी ते जांभळं ताजं करून द्या. आणि स्वतः घेऊन या, मला एकट्याला जमणार नाही." मग हळूहळू कळलं. दत्तूच्या तोंडात जिभेच्या कडेला जखम होती. बरीच जुनी. परळच्या इस्पितळात सांगितलं होतं की कॅन्सर आहे, लगेच ऑपरेशन करा, अर्धी जीभ आणि जबड्याचा तुकडा जाईल, पण माणूस राहील. तारीखही दिली होती. दत्तू जात नव्हता. तो सरांच्या कुपीतलं तेल रोज जखमेला लावत होता आणि कुपी संपली तेव्हा सर्दीचं निमित्त करून दुसरी घेऊन गेला होता. सुमनवहिनी रडत सरांकडे आल्या तेव्हा कुठे हे फुटलं.

रविवारी मी काळ्या कागदात गुंडाळलेली बाटली घेऊन टॅक्सीने काळाचौकीला गेले. त्या द्रावणाला उजेड सोसत नाही. दत्तू खाटेवर बसला होता, गाल सुजलेला, खांद्यावर टॉवेल. हातात चहा. मला बघून ओशाळला, पण सरांना मुद्द्याचं आधीच सांगून टाकलं.

"मोहन्या, माका कापूक नको. जीभ गेली तर माईकवर कोण बोलतलो? तू?"

सरांनी स्टँडमध्ये नळ्या लावल्या, प्रत्येकीत जांभळं ओतलं. पहिलीत तुळशीचं तेल टाकलं. रंग उतरला.

"बघलंस?" दत्तू म्हणाला. "माझ्या डोळ्यांनी बघलंय मी. तुझ्या तेलान रंग गेलो."

सरांनी त्याच्या हातातला कप घेतला आणि त्यातला चहा दुसऱ्या नळीत थेंब थेंब सोडला. हां हां म्हणता पिवळं झालं, तेलापेक्षाही लवकर. दत्तूला हसू फुटलं, मग गालावर कळ आली म्हणून थांबलं.

"मग चाय पिवन बरो होतलंस?" सरांनी विचारलं.

सरांनी पुढे होऊन त्याच्या सदऱ्याच्या खिशातून सुपारीची पुडी काढली. दिवसभर चघळायची ती सुपारी, डॉक्टरांनी सांगूनही अजून होतीच खिशात. एक खांड खलबत्त्यात ठेचलं, वहिनींकडून गरम पाणी मागून घेतलं, ते भिजेपर्यंत आम्ही सगळे बसून राहिलो. खाली पोरं क्रिकेट खेळत होती. मग सरांनी ते पाणी गाळून तिसऱ्या नळीत टाकलं.

तेही पिवळं झालं.

"दत्त्या," सर म्हणाले, "ज्यान तुझा तोंड खाल्ल्यान, ता पण पिवळा करता. माझ्या नळीक काय कळत नाय रे. तिका तुळस आणि सुपारी सारखीच."

मला त्या क्षणी दत्तूपेक्षा सरांची कीव आली, हे मी कबूल करते. आयुष्यभराचं काम त्यांनी त्या खाटेवर पुडीतल्या एका खांडापुढे ठेवून दिलं होतं. तसं पाहिलं तर त्या चाचणीचा दोष नव्हता. ती जे मोजते ते बरोबरच मोजते. जिना उतरताना मी तसं म्हणालेही. सर कठड्याला धरून उभे राहिले. "बरोबर आहे मॅडम, सगळं बरोबर आहे. फक्त मी थकलो."

दत्तू इस्पितळात गेला. ऑपरेशन झालं, नीट झालं. माणूस राहिला. पण तोंडातून शब्द निघेना, निघाला तर कुणाला समजेना, आणि लोकांनी दोनदा 'काय?' विचारलं की तो भिंतीकडे तोंड करून बसे. पुढच्या गणपतीत माईक दुसऱ्याच कुणाकडे होता. दत्तू दार लावून घरात बसला होता. आरतीलाही आला नाही. त्या रविवारची गोष्ट चाळभर झाली होती आणि लोक सरांना चहावाले सर म्हणू लागले, थट्टेनेच, पण त्यात थोडी नाराजीही होती, खेळातली जादू मोडल्याची. सुमनवहिनी मला एकदा लालबागच्या बाजारात भेटल्या. चिवड्याच्या दुकानापाशी उभं राहून म्हणाल्या, "भावजींनी जीव वाचवलो हो. पण माणूस गप केलो." त्यांना सरांबद्दल राग नव्हता. तरी वाक्य जिव्हारी लागायचं ते लागलंच.

दत्तूला मात्र राग होता. त्याने सरांशी संबंध तोडला. शेजारी शेजारी दारं, एक गॅलरी, आणि दोघे एकमेकांना ओलांडून जायचे. वहिनी ताट पाठवत, सर खात, पण पूर्वीसारखं नाही. पुढे त्यांनी चंबू लावणंच सोडलं. निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या समारंभात सगळ्यांनी लांबलचक भाषणं केली. सर उठले, म्हणाले, "मी वास मोजले. मुलांनी सहन केलं. आभारी आहे," आणि बसले. त्यांचं काचेचं सामान आजही आमच्या कपाटात आहे. नवीन मुलं विचारतात, हे काय, मी सांगते, तेल काढायचं. कशाला, विचारतात. तिथे माझी गाडी अडते.

सरांच्या निवृत्तीनंतर मी मधूनमधून त्यांच्याकडे जात असे. शेवटची गेले ती एका दुपारी, लालबागहून थोडा चिवडा घेऊन. सर बरेच खंगले होते, छातीचं दुखणं होतं, कुणाला सांगत नव्हते. जिना चढून गॅलरीत आले आणि थांबले. सरांच्या दारासमोर दोन खुर्च्या होत्या. एकीवर दत्तू, खांद्यावर टॉवेल, जबडा एका बाजूने आत गेलेला. दुसरीवर सर, हातात दोन पेले, चहा या पेल्यातून त्या पेल्यात ओतून निववत होते. दत्तूला गरम काही चालत नव्हतं.

हे केव्हापासून, असं मी डोळ्यांनीच विचारलं. सरांनी खांदे उडवले. "एक दिवस आला नि बसला. मी विचारलं नाही."

दत्तू काहीतरी म्हणाला. मला अक्षर समजलं नाही. सर लगेच म्हणाले, "तो म्हणतोय, बाईंना खुर्ची आण." आतून स्टूल आणून देताना मला म्हणाले, "आता ह्याचा माईक मीच. वहिनींना अर्धं समजतं, मला सगळं समजतं. दुधाच्या पिशवीपासून पंचायतीपर्यंत दिवसभर बोलतो हा, पूर्वीपेक्षा जास्त. कान किटले माझे." असं म्हणताना ते खूश होते. पुष्कळ वर्षांनी मी त्यांना खूश पाहत होते आणि मला फार बरं वाटलं.

चहा पुरेसा निवला. सरांनी पेला त्याच्या ओठाला लावला, घोट घोट पाजला, कडेने ओघळलेला टॉवेलने टिपला. मी विचारायचं म्हणून विचारलं, "काय दत्ताराम, तब्येत बरी ना आता?"

दत्तूने सरांकडे पाहिलं. त्याचा जो काय अर्धा चेहरा हलत होता तो हलला. मग पेल्याकडे बोट दाखवून त्याने एक लांबलचक, घरघरता आवाज काढला. सरांनी नेहमीसारखं लगेच सांगितलं नाही. ते खाली मान घालून हसत होते, खांदे गदगदत होते, डोळे पुसत होते.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणतोय, चाय पिवन बरो झालंय."

मी वाट पाहिली. सवयच होती ती. सर आता म्हणतील, नळीत हां. पण ते काही म्हणाले नाहीत. तळाला राहिलेला चहा त्यांनी पुन्हा एकदा निववला आणि दत्तूपुढे धरला.